मदत हवी आहे: फ्लॅट घ्यावा की प्लॉटवर घर बांधावं? परवापर्यंत ठरवायचंय

मांजराकाठ:
दोन बेडरूमचा फ्लॅट बघितलाय. बायकोला पसंत आहे, लेकीला क्लासला पायी जाता येतं. वडील नको म्हणायलेत. तेवढ्याच पैशात प्लॉट घे आणि दोन खोल्या टाक, एवढंच त्यांचं म्हणणं. माझं डोकं चालेना झालंय. परवा संध्याकाळपर्यंत टोकन दिलं नाही तर दुसऱ्याला देतो असा बिल्डरचा फोन आलाय. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी फायदे-तोटे खरे खरे सांगा. लवकर.

गोदाकाठ:
शहर कोणतं? कितवा मजला? लिफ्ट? पाणी कुठलं? नवीन की जुना? दादा, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मांजराकाठ:
लातूर. नवीन. लिफ्ट आहे.

परभणीची_सून:
मी वाड्यातून फ्लॅटमध्ये आले, म्हणून सांगते. सगळ्यात मोठं सुख म्हणजे कुलूप लावून निघता येतं. दिवाळीला, लग्नकार्याला, पेरणीला आठ-आठ दिवस गावाकडं राहिलो तरी घराची काळजी नसते. आधी आमच्या गल्लीत घर बंद दिसलं की चोरी ठरलेली. आजारपणात शेजारीण दार वाजवून चहा देऊन जाते, हेही आहे.
आता त्रास. गावाकडून वर्षाची ज्वारी येते, ती पोती ठेवायची कुठं? आमची बेडच्या खाली आहेत. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे वाळवायला गच्ची लागते. आमच्याकडं गच्चीची चावी चेअरमनकडं, ती मागायला गेलं की प्रश्न. गच्ची सगळ्यांची आहे का, हे आधी विचारा. काही बिल्डर वरच्या फ्लॅटवाल्याला गच्ची विकून मोकळे होतात.
आणि सासूबाईंना दारात बसायची सवय. पहिले काही महिने त्या खाली उतरून वॉचमनच्या खुर्चीजवळ बसायच्या.

हिंगोली_हायवे:
कूलरचं कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. आपल्याकडं मे महिना कूलरवर काढायचा असतो. डेझर्ट कूलरला मागून बाहेरची कोरडी हवा लागते. फ्लॅटची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर खोलीत नुसती दमट हवा फिरते, अंग चिकट होतं. बाहेरच्या भिंतीला कूलर टांगायची सोय आहे का, पाणी भरायला नळ आहे का, बघून या. नसेल तर एसीचं बिल धरून हिशेब करा. वरचा मजला असेल तर स्लॅब रात्री बारापर्यंत गरम राहतो.

स्वतःची_जागा:
वडील बरोबर सांगायलेत. फ्लॅट म्हणजे हवेत पैसे. इमारत जुनी होत जाते आणि जमिनीची किंमत वाढत जाते. प्लॉट घ्या, दोन खोल्या टाका, पुढं मजला चढवा. दारात गाडी, मागं बोअर, एक लिंबाचं झाड. मेंटेनन्स कुणाला द्यायचा नाही.

गोदाकाठ:
फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त हिस्सा मिळतो, हवेत काही नसतं. फक्त तो दस्तात लिहिलेला पाहिजे. आणि प्लॉट म्हणजे कोणता प्लॉट? लातूर काय, संभाजीनगर काय, सामान्य माणसाच्या बजेटमध्ये जे येतं ते बहुतेक गुंठेवारीतलं, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेलं. अकृषिक (एनए) नाही, मंजूर लेआउट नाही, बाँडवर व्यवहार. गुंठेवारीचा कायदा 2001 चा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची प्रकरणं नियमित करायची वाट झाली. त्यानंतर पाडलेले तुकडे त्यात बसत नाहीत. अशा प्लॉटवर बँकेचं कर्ज मिळवताना चपला झिजतात.

स्वतःची_जागा:
सगळेच प्लॉट गुंठेवारीचे नसतात. मी एनए घेतलाय, सातबारा माझ्या नावावर आहे.

गोदाकाठ:
तुम्ही कधी घेतला आणि आज त्याच भागात भाव काय आहे, तेही लिहा मग.

नांदेड_सौर:
घर असो वा फ्लॅट, सोलरचा विचार आत्ताच करा. फेब्रुवारी 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत स्वतःच्या घराला 3 किलोवॅटसाठी 78,000 रुपये अनुदान आहे. सोसायटीला सामाईक विजेसाठी किलोवॅटमागं 18,000. लिफ्ट आणि मोटरचं बिल बरंच खाली येतं. पॅनेल उत्तर-दक्षिण कसं लावायचं ते हवं असेल तर विचारा, मी सांगतो.

परभणीची_सून:
भाऊ, त्यांनी अजून मजला सांगितलेला नाही, तुम्ही पॅनेलवर पोचलात.

मांजराकाठ:
चौथा मजला, वरचाच. खाली पार्किंग. एकूण आठ फ्लॅट. बिल्डर म्हणतो आठच आहेत म्हणून रेरा कायद्याची नोंदणी लागत नाही. हे खरं आहे का? पाणी बोअरचं आहे, नळ आहेच.

कागदपत्र_बघा:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं. बिल्डर खोटं बोलत नाही. जागा 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर रेरा नोंदणीची सक्ती नाही. पण फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरसाठी 1963 चा मोफा कायदा आहे. त्यात नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तेव्हा टोकन लहान द्या.
महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायची परवानगी, आलंय का? ते आलं असेल तर जीएसटी लागत नाही. नसेल आणि बिल्डर जीएसटी सांगत असेल, तर इमारत कागदावर अजून अपुरीच आहे. मंजूर नकाशा मागा आणि चौथा मजला त्यात आहे का, स्वतः बघा. दस्त बायकोच्या नावानं केला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो.
आणि आठ घरांचं एक गणित आहे, ते कुणी सांगत नाही. लिफ्टची वार्षिक देखभाल, जिन्यातले दिवे, बोअरची मोटर, टाकी धुणं, झाडणारी बाई, हे सगळं आठांत वाटायचं. त्यातले तीन फ्लॅट विकले नाहीत तर पाचांत. न विकलेल्या फ्लॅटचा मेंटेनन्स बिल्डर देणार का? लेखी घ्या. 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली डीड ऑफ डिक्लेरेशन (अपार्टमेंटचा घोषणा दस्त) करणार की सोसायटी, तेही विचारा. काहीच केलं नाही तर दोन वर्षांनी लिफ्ट बंद पडते आणि ज्याचं घर चौथ्या मजल्यावर तो एकटाच भांडत बसतो.

गोदाकाठ:
“नळ आहेच” म्हणून सोडू नका. आठवा, एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मांजरा धरण आटलं की नळाला काय येणार? जमिनीखालची टाकी किती लिटरची, टँकर आत वळतो का, बोअर किती फूट, एप्रिलमध्ये चालतं का. खालच्या दुकानदाराला विचारा, बिल्डरला नको.

मांजराकाठ:
एक गोष्ट लिहायची राहिली. वडील मूळचे किल्लारीच्या बाजूचे. 1993 च्या भूकंपात ते शेतातल्या आखाड्यावर झोपले होते म्हणून वाचले. आजी आणि आत्या घरात होत्या. तेव्हापासून ते मजल्यावर झोपत नाहीत. पाहुण्यांकडं गेले तरी खाली अंगणात खाट टाकतात. प्लॉट प्लॉट करतात ते त्यामुळं. हे पैशाचं नाही.

आरसीसी_संभाजीनगर:
मी स्ट्रक्चरचं काम करतो. 30 सप्टेंबरच्या त्या पहाटे जी घरं पडली ती बहुतेक दगड-मातीची होती. दोन-दोन हात रुंद भिंती, सिमेंट नाही, कोपऱ्यात सांधा नाही आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचं ओझं. मजल्यांचा त्यात दोष नव्हता. बैठं घरही तसं बांधलं तर तितकंच धोक्याचं. प्लॉटवर मिस्त्रीला सांगून, कॉलम-बीम न टाकता भिंतीवर स्लॅब ओतला तर वडील जमिनीवर झोपतील, पण सुरक्षित असतीलच असं नाही.
मात्र तुमच्या इमारतीत खाली मोकळं पार्किंग आहे, तिथं लक्ष द्या. वर सगळीकडं भिंती आणि खाली नुसते खांब, अशी इमारत हादऱ्यात खालच्याच मजल्यावर मोडते. 26 जानेवारी 2001 ला अहमदाबादेत अशा इमारती पडल्या. आयएस 1893 आणि 13920 या भूकंपाच्या मानकांप्रमाणे डिझाइन केलंय असं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र मागा. पार्किंगमध्ये जास्तीच्या भिंती किंवा जाड खांब आहेत का, बघा.

स्वतःची_जागा:
भूकंपाची भीती घालून काय मिळतं? तीस वर्षं झाली.

आरसीसी_संभाजीनगर:
भीती मी घातली नाही. ती त्या घरात आधीपासून आहे. काय बघायचं एवढं मी सांगितलं.

परभणीची_सून:
दादा, काकांना एकदा तिथं घेऊन जा. दुपारी नको, संध्याकाळी. इंजिनिअरला त्यांच्यासमोर बोलू द्या, मधे तुम्ही बोलू नका. आणि त्याच भागात तळमजल्याचा फ्लॅट मिळतो का बघा. पुढं हातभर जागा असली तरी त्यांची खाट बसेल, ज्वारीचंही भागेल.

मांजराकाठ:
तळमजल्याचं डोक्यातच आलं नव्हतं. बिल्डरला फोन केला. भोगवटा प्रमाणपत्र “येईल” म्हणाला, स्ट्रक्चरच्या कागदाचं विचारल्यावर “आजपर्यंत कुणी मागितलं नाही” म्हणाला. परवा टोकन देत नाही. उद्या मागच्या गल्लीत तळमजल्याचा एक जुना फ्लॅट बघायला जातोय, वडिलांना घेऊन. रीसेल आहे. त्यात काय काय बघायचं?

कागदपत्र_बघा:
सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, आधीच्या मालकांच्या दस्तांची साखळी, कर्जाचा बोजा आहे का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली का. आणि बांधकाम कोणत्या साली झालं?

हिंगोली_हायवे:
तळमजल्याला ड्रेनेज तुंबतं का, बाथरूममध्ये पाणी ओतून बघा.

नांदेड_सौर:
तळमजल्याला गच्चीवरचा हक्क राहतो ना? पॅनेलसाठी विचारतोय.