पुटिका, पुडी की पिशवी? 'व्हेसिकल'साठी मराठी शब्द हवा

प्रश्न (परळ)
कर्करुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत लिहितेय. त्यात वाक्य होतं, 'प्रतिकार करणाऱ्या पेशी पुटिका सोडतात आणि त्या कर्कपेशी मारायला मदत करतात.' छापण्याआधी वॉर्डाबाहेर बसलेल्या एका मावशींना वाचून दाखवलं. त्यांचा चेहराच उतरला. "म्हणजे ह्यांच्या अंगावर पुटकुळ्या उठणार का गं?" कोशात 'व्हेसिकल'साठी पुटिका बरोबर आहे, पण हा शब्द आता माझ्या हातून लिहवत नाही. दुसरा सुचवा.

दादर
पुटिका परकी नाही हो. संस्कृत पुट म्हणजे घडी, खोलगट द्रोण. त्यातूनच आपला पुडा आणि पुडी आले. साखरपुड्यातला पुडा तोच. कामही पुडीचंच आहे. पेशी आपलंच पटल, म्हणजे पातळ आवरण, आतल्या आत वळवते, त्यात प्रथिनं आणि आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारे रेणू) बांधते आणि बाहेर पाठवते. आकार 30 ते 150 नॅनोमीटर; एका केसाच्या जाडीत अशा शेकडो ओळीने बसतील. नैसर्गिक मारक पेशी ह्या प्रतिकार करणाऱ्या पेशी; त्यांच्या पुडीत परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही प्रथिनं असतात. परफोरिन कर्कपेशीच्या पटलाला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम आत शिरून तिला मरायला लावतं. डेंड्रिटिक पेशी, म्हणजे शत्रूची ओळख करून देणाऱ्या पेशी, यांच्या पुडीत कर्कपेशीच्या प्रथिनांचे तुकडे असतात, त्यावरून हल्ला करणाऱ्या टी पेशींना शत्रूची ओळख पटते. माझं मत पुडीला.

मुलुंड
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात 'पुडी' नको. तिथल्या कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं गुटख्याची पुडी फोडलेली असते. माझ्या भावाने फोडली होती. शिवाय पुडी म्हटलं की औषध वाटतं; नातेवाईक मेडिकलवाल्याकडे मागायला जातील. या पुटिकांवर माणसांत चाचण्या झाल्या आहेत, पण दुकानात मिळेल असा हा उपचार नाही.

ठाणे
क्रियापद 'सोडतात' हेच ठेवा, 'बाहेर टाकतात' नको. 1983 साली मेंढीच्या रक्तातल्या कोवळ्या लाल पेशींत हा प्रकार दिसला, तेव्हा पेशी नकोसा माल टाकते असंच वाटलं होतं. आता कळलंय की तो निरोप असतो. आणि नावात शस्त्र, सैनिक असलं काही घालू नका. कर्कपेशीही अशाच पुटिका सोडतात, आणि त्यांवरचं पीडी-एल1 नावाचं प्रथिन टी पेशींना थोपवून धरतं.

परळ
मुलुंडकरांचं वाचून पुडी खोडली. मग सुचलं, गर्भाची पिशवी, पित्ताची पिशवी हे तर घरोघरी बोलतातच. पिशवी मऊ असते, शरीराची असते आणि भरून पाठवता येते. वाक्य असं केलं: 'आपल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्या भरून सोडतात. त्यातल्या काहींत कर्कपेशीला मारणारी द्रव्यं असतात.'

आज मावशींना पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "आणि ह्यांच्या पेशी पुरेशा पिशव्या भरत असतील ना?"