ॲबाच्या 'व्हॉयेज'ला आपण न्याय दिला का? नाशिककर फॅन्सनो, बोला

पंचवटी_ऐकतो:
ॲबा ह्या स्वीडिश पॉप ग्रुपचा 'व्हॉयेज' अल्बम म्हणजे फसलेलं पुनरागमन असं आपल्याकडच्या फॅन्समध्ये जवळपास ठरूनच गेलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. परवा इंदिरानगरला ऐकायला जमलो तेव्हाही तेच, तिसऱ्या गाण्यालाच निम्मी मंडळी चहाला उठली. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, १९८१ च्या 'द व्हिजिटर्स'नंतर थेट ५ नोव्हेंबर २०२१ ला हा अल्बम आला, मध्ये चाळीस वर्षं. दहा गाणी, जेमतेम ३७ मिनिटं, आणि ॲग्नेथा, फ्रीडा ह्या गायिका, बेनी, ब्योर्न हे गाणी करणारे, हे चौघंही तेच.

माझं म्हणणं असं आहे की ह्या दहा गाण्यांत एक फार मोठा अल्बम दडलाय आणि गाण्यांच्या क्रमाने त्याचा घात केलाय. दुसरं गाणं आयरिश थाटाचं नाचगाणं, तिसरं थेट ख्रिसमसचं 'लिटल थिंग्ज', लहान मुलांच्या कोरससकट. इथवर ऐकणाऱ्याचं मत बनून जातं. आणि जे खरं ऐकायचंय ते सहाव्या-सातव्या नंबरवर, 'आय कॅन बी दॅट वुमन' आणि 'कीप ॲन आय ऑन डॅन'. हे 'डॅन' नीट ऐका. वेगळी झालेली बाई मुलाला त्याच्या बापाकडे सोडायला आलीय, रविवारी न्यायला येणार आहे, वरवर सूचना चालल्यात की लक्ष ठेव रे त्याच्याकडे, आणि निघताना तिचा बांध फुटतो. हे शब्द लिहिलेत ब्योर्नने आणि गायलंय ॲग्नेथाने, म्हणजे त्याच्याच घटस्फोटित बायकोने. १९८० साली 'द विनर टेक्स इट ऑल'लाही हेच दोघं होते, पण तेव्हा जखम ओली होती. आता ते दोघंही सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि गाणं संपताना पियानोवर १९७५ च्या 'एसओएस'चे सूर येतात. ज्याला ते सूर ओळखू येतात त्याने हा अल्बम फसला असं म्हणावं हे मला समजत नाही.

देवळाली_एलपी:
शब्दांचं सगळं कबूल, पण आपण पॉप अल्बमबद्दल बोलतोय, कवितासंग्रहाबद्दल नाही. माझी तक्रार आवाजाची आहे, साउंडची. ॲबाला ॲबा करणारा पाचवा माणूस म्हणजे त्यांचा रेकॉर्डिंग इंजिनियर मायकल ट्रेटो, आणि तो ह्या अल्बमवर नाही. १९७३ च्या 'रिंग रिंग'पासून त्याची युक्ती अशी की तोच वाद्यांचा ट्रॅक परत वाजवून घ्यायचा आणि दुसऱ्या खेपेला टेपचा स्पीड किंचित बदलायचा, म्हणजे पट्टी केसभर सरकते आणि दोन्ही एकत्र लावले की भिंतीसारखा जाड आवाज उभा राहतो. कॅम्पात आमच्या शेजारी 'अरायव्हल'ची एलपी होती, घासून घासून खरखर करायला लागलेली, तरी त्यातून ती भिंत ऐकू यायची. 'व्हॉयेज' स्वच्छ आहे, महाग आहे, सगळं जागच्या जागी आहे आणि मागे ती भिंत नाही. ड्रम ऐकले तर चांगल्या हॉटेलच्या लॉबीत बसल्यासारखं वाटतं.

आणि एक गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे गाळली. अल्बममधलं सगळ्यात ॲबासारखं वाटणारं गाणं कोणतं? 'जस्ट अ नोशन'. का, तर त्यातले आवाज १९७८ चे आहेत, तेव्हा न वापरलेलं रेकॉर्डिंग काढून त्याखाली नवीन वाद्यं वाजवलीत. म्हणजे पुनरागमनाच्या अल्बममधला सगळ्यात जिवंत क्षण जुन्या कपाटातून आलेला. ह्याला काय म्हणायचं?

सिडको_सुरेल:
काकांना पूर्ण अनुमोदन. मला तर हा अल्बम म्हणजे लंडनच्या शोची, जिथे पडद्यावर ॲबाचे तरुणपणीचे डिजिटल अवतार गातात, त्याची जाहिरात वाटतो. २०१८ ला आधी दोनच गाण्यांची घोषणा होती, तीही त्या डिजिटल अवतारांच्या प्रोजेक्टसाठी. मग त्याला आठ गाणी जोडून अल्बम उभा केला. २७ मे २०२२ ला शो सुरू झाला आणि लोक तिकीट काढून तरुण ॲबाला बघायला जातात, सत्तरी ओलांडलेल्या ॲग्नेथाला नाही. कोणी शो बघून आल्यावर ह्या अल्बममधलं 'बम्बलबी' गुणगुणतो का?

पंचवटी_ऐकतो:
ताई, जाहिरातच करायची होती तर शोमध्ये नव्या अल्बममधली गाणी किती आहेत ते बघा ना. 'आय स्टिल हॅव फेथ इन यू' आणि 'डोन्ट शट मी डाउन', बस, दोनच. बाकी सगळा जुना खजिना. मग उरलेली आठ कशासाठी केली असतील? पैसा म्हणाल तर ह्याच लोकांना २००० च्या सुमारास शंभर कार्यक्रमांसाठी एक अब्ज डॉलरची ऑफर होती आणि त्यांनी ती नाकारली हे त्यांनी स्वतः सांगितलंय. बेनीचा स्वतःचा स्टुडिओ आहे स्टॉकहोममध्ये, दोघी आल्या, गायल्या, बरं वाटलं, म्हणून पुढची गाणी झाली. मला ह्यात धंदा कमी आणि ओढ जास्त दिसते.

काका, 'जस्ट अ नोशन'बद्दल तुमचं बरोबर आहे आणि म्हणूनच ते गाणं तिथे नको होतं. 'डोन्ट शट मी डाउन' मध्ये बाई संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून जुन्या जोडीदाराच्या खिडकीकडे बघतेय, वर जाऊ की नको चाललंय तिचं, आणि लगेच पुढच्या गाण्यात त्याच बाईचा तिशीच्या आतला आवाज. शेजारी ठेवल्यावर आत्ताचा आवाज थकलेला वाटणारच. एकटा ऐकला तर तो थकलेला नाही, जगलेला आहे.

गाणं_शिकवते:
नाशिकरोडला मुलांना सुगम संगीत शिकवते म्हणून आवाजाबद्दल बोलते. अल्बम आला तेव्हा फ्रीडा ७६ ला टेकली होती. ह्या वयात वरची पट्टी जाते, श्वास आखूड होतो, आवाजाची कड खरखरीत होते, हे कोणालाच चुकलेलं नाही. मग गायकाकडे दोन रस्ते असतात, जुन्या पट्टीतच गायचं आणि फाटलेला वरचा सूर मशीनने शिवून घ्यायचा, नाहीतर पट्टी खाली आणायची आणि खालच्या सुरांतला जाडपणा वापरायचा. ह्या दोघी खाली उतरल्या. फ्रीडाचा 'आय स्टिल हॅव फेथ इन यू'चा सुरुवातीचा भाग हेडफोन लावून ऐका, पहिल्या दोन-तीन ओळींत ती जवळजवळ बोलतेय, ओळीच्या शेवटी सूर हळूच सोडून देतेय, ओढत नाहीये. पंचविशीत हे जमत नाही, कारण तेव्हा सोडून द्यायची हिंमत नसते.

आपल्याकडे हाच वाद 'वीर झारा'च्या वेळी झालाय की. २००४ साल, मदनमोहन जाऊन २९ वर्षं झालेली, त्यांच्या न वापरलेल्या चाली आणि लताबाई पंचाहत्तरीच्या. तेव्हाही लोक म्हणाले आवाज कापतोय, कशाला गायला लावलं. आज त्याच गाण्यांना लोक डोळे मिटून बसतात. जुनी चाल आणि वयस्कर गळा, दोन्ही एकाच वेळी.

कॉलेजरोड_९६:
मला तर ॲबा माहीतच झाले ते 'हम किसीसे कम नहीं' मुळे 😀 'मिल गया हम को साथी' आणि 'मामा मिया' एकामागोमाग लावून बघा, १९७५ चं ते आणि १९७७ चं हे. आपल्या आईवडिलांच्या पिढीने ॲबा असे न कळत ऐकलेत. बाकी 'व्हॉयेज' इंग्लंडात एक नंबरला होता आणि अमेरिकेत दोन नंबरला, तिकडे तर ऐन भरातही त्यांचा अल्बम १४ च्या वर गेला नव्हता. ग्रॅमीचं पहिलं नामांकनही ह्याच अल्बममधल्या गाण्याला. म्हणजे लोकांनी उचलून धरलाच होता ना?

देवळाली_एलपी:
विक्री आणि नामांकनावर जाऊ नका, चाळीस वर्षांची भूक होती, कोरी सीडी काढली असती तरी खपली असती.

गाणं_शिकवते ताई, लताबाईंचं उदाहरण चांगलं आहे पण ते माझ्या बाजूचं आहे. 'वीर झारा'त चाल मदनमोहनची होती, त्या चालीत वजन होतं म्हणून आवाज कापला तरी गाणं उभं राहिलं. 'व्हॉयेज'मध्ये दोघींच्या गळ्याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही, उलट वाईट वाटतं की त्यांना ह्याहून चांगल्या चाली मिळायला हव्या होत्या. 'नो डाउट अबाउट इट' ची चाल आत्ता ह्या क्षणी कोणी गुणगुणून दाखवा. मला 'द डे बिफोर यू केम' १९८२ पासून पाठ आहे, आणि ते तर कोणी हिट म्हणतच नाही.

सिडको_सुरेल:
आणि दादा, दोनच गाणी शोमध्ये घेतली हा तुमचा मुद्दा उलटा पडतो. उरलेली आठ त्यांनाच घ्यावीशी वाटली नाहीत. ज्या 'कीप ॲन आय ऑन डॅन'साठी तुम्ही एवढं लिहिलंत ते त्यांनी घेतलं का? नाही. जिथे स्वतः बनवणाऱ्यांनी हात आखडला तिथे आपण का म्हणून छातीठोकपणे मोठा अल्बम म्हणायचं?

सातपूर_सेकंडशिफ्ट:
मला ट्रेटो वगैरे काही माहीत नव्हतं, इथेच वाचलं. मी ॲबाची जुनी गाणी फक्त लग्नात डीजेवर ऐकलेली. हा अल्बम मित्राने पाठवला आणि मी तो रात्री कंपनीच्या बसमध्ये ऐकला, सातपूरहून घरी येताना, म्हणजे मी पहिल्यांदा ॲबा 'नीट' ऐकले ते ह्याच अल्बममध्ये. माझ्याकडे तुलना करायला काहीच नव्हतं. आणि खरं सांगतो भो, 'आय कॅन बी दॅट वुमन' ने मी हललो. इतकी वर्षं भांडण्यात गेली, जशी व्हायला हवी होते तशी झाले नाही, पण आता होऊ शकते, असं म्हणणारी बाई मला कुठल्याच गाण्यात भेटली नव्हती. आपल्याकडे गाण्यातलं प्रेम लग्नाला संपतं. माझ्या घरात म्हातारं जोडपं आहे, आई-वडील, चाळीस वर्षांचा संसार, आणि त्यांच्या भांडणात जे असतं ते ह्या गाण्यात आहे. शेवटच्या 'ओड टू फ्रीडम'ने मात्र निराशा केली. चायकोव्हस्कीचं वळण घेऊन भव्य सुरुवात करतात आणि मग म्हणतात की कधी स्वातंत्र्यावर गाणं लिहिलंच तर असं असं लिहीन. अहो मग लिहा ना! आलायत ना चाळीस वर्षांनी!

पंचवटी_ऐकतो:
सेकंडशिफ्ट, तुझी पोस्ट वाचून बरं वाटलं. जुनं डोक्यात नसलेल्या माणसाला नेमकी हीच गाणी लागतात. 'ओड टू फ्रीडम'बद्दल एकमत. ताईंना उत्तर देतो, 'डॅन' शोमध्ये नाही कारण पडद्यावर १९७९ चे चेहरे आहेत, त्या तिशीच्या चेहऱ्याच्या तोंडी हे गाणं शोभणारच नाही. ते फक्त अल्बममध्येच राहू शकतं.

सगळ्यांना विनंती, एकदा असा क्रम लावून ऐका: 'आय स्टिल हॅव फेथ', 'डोन्ट शट मी डाउन', 'आय कॅन बी दॅट वुमन', 'नो डाउट अबाउट इट', 'कीप ॲन आय ऑन डॅन', आणि थांबा. 'लिटल थिंग्ज' डिसेंबरसाठी ठेवा, 'जस्ट अ नोशन' १९७९ च्या 'वूले-वू' अल्बमच्या शेवटी लावा, तिथे ते चपखल बसतं. मग सांगा फसला का.

देवळाली_एलपी:
तुमच्या क्रमाने आत्ताच ऐकलं. 'डॅन' चांगलंच आहे, ते मी कधीच नाकारलं नव्हतं, आणि तो शेवटचा पियानो आला की घशाशी येतं हेही लिहून ठेवा. पण दहातली पाच गाणी काढून टाकल्यावर जो चांगला होतो तो अल्बम नाही, ईपी आहे, म्हणजे चार-पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड. आणि 'नो डाउट अबाउट इट' तुमच्या पाचांत का आहे ते मला अजून कळलेलं नाही, त्याच्याऐवजी 'व्हेन यू डान्स्ड विथ मी' घ्या, निदान बेनीचा ॲकॉर्डियनवाला लोकसंगीताचा हात तरी त्यात दिसतो.