कॉम्बी ओव्हनची चरबी नळीतच गोठते, मदत हवी आहे

दहा ट्रेच्या कॉम्बी ओव्हनला (वाफ आणि गरम हवा दोन्हींवर चालणारा) चरबी वेगळी काढायची सोय जोडली आहे: तळाच्या ट्रेच्या तोंडाला स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह, पुढे २० मिमीची सिलिकॉन नळी, स्टँडखाली झाकणाचा डबा. कोंबडी भाजताना गळते ती नुसती चरबी नसते, पाणी आणि जिलेटिनही असतं. ओव्हन गरम असेपर्यंत धार नीट पडते. बंद केला की नळीच्या वाकात पांढरट जेली बसते आणि पुढच्या खेपेला ट्रे तुंबून आत धूर होतो. उकळतं पाणी ओतलं की सुटते, पण ते पाणी डब्यात जातं आणि चरबी नेणारा पाणी मिसळलेला माल घेत नाही.

नळी ३२ मिमीची, वाक न ठेवता सरळ उतारावर घेतली तर भागेल, की हीटिंग टेप (नळीला गुंडाळायची, विजेवर तापणारी पट्टी) लागेलच?

दुसरं, जास्त डोकेदुखीचं. ऑटो-वॉशच्या (ओव्हन आतून आपोआप धुतला जातो त्या) वेळी व्हॉल्व्ह उघडा राहिला तर अल्कली डिटर्जंट डब्यात जाऊन साबण होतो, फेस थेट फरशीवर. वॉश प्रोग्रॅमशी जोडलेला मोटरचा बॉल व्हॉल्व्ह कोणी बसवलाय का? सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणारा व्हॉल्व्ह) कृपया सुचवू नका, त्याच्या बारीक छिद्रात कातडीचे तुकडे अडकतात.