एकट्याने पोकेमॉन कार्ड गेमची प्रॅक्टिस कशी करायची?

गुहागरी_पत्ते:
मंडळी, गुहागरात हा गेम खेळणारं दुसरं कोणी नाही, धाकट्या भावाला बसवला तर डाव अर्धा टाकून क्रिकेटला पळतो. मोबाईलवर याच गेमचं लाईव्ह ॲप आहे पण पाऊस लागला की नेट गुल, लाईटचं तर विचारूच नका. दिवाळीनंतर पुण्याला स्पर्धेला जायचं मनात आहे. दोन्ही बाजूंनी मीच खेळतो पण समोरच्याचा हात मला माहीतच असतो, मग काय शिकणार डोंबल. तुम्ही काय करता?

रत्नांग्रीकर:
आधी समोर कोणी नाहीच असं धरून नुसत्या पहिल्या तीन टर्न खेळ, पत्ते गोळा कर, पिस, परत. 60 पत्त्यांच्या डेकमध्ये बेसिक, म्हणजे हातातून थेट मांडता येणारे पोकेमॉन, 8 असतील तर पहिल्या सात पत्त्यांत एक तरी यायची शक्यता 65 टक्के, 12 ठेवलेस तर 81. नाही आलं की हात दाखवून परत पिसायचं आणि वर समोरच्याला जादा पत्ता, कशाला ती आफत? आणि पहिली टर्न तुझी असेल तर अटॅक नाही, सपोर्टर (टर्नला एकच खेळता येणारा मदतीचा पत्ता) पण नाही, घरी कोणी अडवत नाही म्हणून हे सर्रास विसरतात लोक.

मालवणचो_झील:
हय पण खेळूक कोण गावणा नाय रे. तू प्राइझचं कर, म्हणजे सुरुवातीला बाजूला ठेवायचे ते पत्ते, समोरचा पोकेमॉन पाडला की त्यातून उचलायचे. 6 प्राइझ उलटे ठेव, 7 हातात, उरलेले 47 भराभर चाळ आणि प्राइझमध्ये काय अडकलंय ते कागदावर लिही, मगच उलटून बघ. एकच कॉपी असलेला पत्ता सरासरी दहातल्या एका डावात तिथेच जाऊन बसतो. मॅचमध्ये अल्ट्रा बॉल (डेकमधून पोकेमॉन शोधायचा पत्ता) लावून डेक हातात आला की हेच करायचं असतं, आणि घड्याळ चालू असतं.

गुहागरी_पत्ते:
हे भारी आहे. मग दोन्ही बाजूंनी खेळायचंच नाही का?

वाडीकर:
खेळ की, का नाही. फक्त समोरचा डेक सध्या जो जिंकतोय तो घे, तो तुला कुठे अडवतो ते तरी कळेल. विकत नको घेऊस, प्रिंट काढून साध्या पत्त्यावर ठेवून प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये सरकव, घरी चालतं, स्पर्धेत नाही चालत. आणि या हवेत फॉइलचे पत्ते वाकतात, डबीत सिलिका जेलची पुडी टाक. 60 पत्ते पिसायचा कंटाळा आला तर आमच्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा बघ, 120 पत्ते आणि तेही गोल!

गुहागरी_पत्ते:
गणपतीत वाडीला मामाकडे येतोय, डेक आणू का?

वाडीकर:
विचारतोस काय, आण. आरती झाली की बसू.