स्टेजवर गे असल्याचं सांगावं का? अ‍ॅक्टिंगची कामं जातील अशी भीती वाटते

पाच_मिनिटांचा_सेट

नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली स्टँडअप करतोय, सोबत ऑडिशन्सही देतो, दोनतीन छोटे रोल मिळालेत. मी गे आहे. घरी माहितीये, मित्रांना माहितीये, फक्त स्टेजवर आणि कामाच्या ठिकाणी कधी बोललो नाही.

माझ्या सेटमध्ये ब्रेकअपचा एक बिट आहे, घडलेलं सगळं खरंय, फक्त बॉयफ्रेंडची गर्लफ्रेंड केलीये. आता मराठीत नुसतं नाव बदलून भागत नाही ना, पार क्रियापदापर्यंत बदलावं लागतं, 'म्हणाला'चं 'म्हणाली', 'निघून गेला'चं 'निघून गेली', म्हणजे प्रत्येक वाक्य तोंडातून निघायच्या आधी मनात तपासून घ्यायचं. मागच्या महिन्यात बिट मस्त रंगात आला होता आणि मी 'तो म्हणाली' असं बोलून गेलो. लोकांना वाटलं जीभ घसरली, एकदोघं हसले पण. मला मात्र पुढची लाइनच आठवेना. वेळ संपायचा दिवा लागायच्या आधीच थँक्यू म्हणून खाली उतरलो.

कास्टिंगमधल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला सांगू नकोस, एकदा सांगितलंस की हिरोच्या मित्राचा रोल पण विसर, मुरडत चालणारेच येतील. काळजीनंच म्हणाला तो. पण हे असं किती वर्षं करायचं? सांगितल्यावर कामाचं काय होतं, आणि विनोदाचं काय होतं, ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी प्लीज सांगा.

विंगेतला_नट

तुझा मित्र खोटं बोलत नाहीये. मला सांगून नऊ वर्षं झाली. पहिलं वर्षभर जे काही आलं ते एकाच साच्यातलं, हिरॉइनचा मित्र, फॅशन डिझायनर, झालंच तर ऑफिसातला तो एक जण. एकदा वकिलाचा सीन होता, मी शांतपणे केला, कागद चाळत, तर समोरून आवाज आला, 'मनगट जरा सैल सोडा ना'. तो वकील गे आहे असं स्क्रिप्टमध्ये कुठेच नव्हतं! मी नाही म्हणालो आणि रोल गेला. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. आत्ता मात्र दोन मुलांच्या बापाचं काम करतोय आणि सेटवर कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. मधली तीनचार वर्षं पैशांची ओढाताण होती, तेही सांगून ठेवतो.

हे नवीन नाही रे. विल्यम हेन्स म्हणून हॉलिवूडचा नट होता, १९३० च्या सुमारास सगळ्यात जास्त गर्दी खेचणाऱ्यांपैकी एक. स्टुडिओच्या मालकानं जोडीदार किंवा करिअर यातलं एक निवड म्हणून सांगितलं. त्यानं जोडीदार निवडला, सिनेमा सुटला, मग घरं सजवायच्या धंद्यात नाव काढलं आणि १९७३ ला जाईपर्यंत दोघं एकत्रच होते. अमेरिकन कॉमेडियन एलेन डीजेनेरस १९९७ मध्ये लेस्बियन असल्याचं बोलली, तिच्या मालिकेतलं पात्रही तेच सांगतं तो भाग चार कोटींवर लोकांनी पाहिला, आणि पुढच्याच वर्षी मालिका बंद. त्या भागात पाहुणी म्हणून आलेली नटी लॉरा डर्न तर स्ट्रेट, तरी तिलाही नंतर वर्षभराहून जास्त काम मिळालं नाही असं तिनंच सांगितलंय. रुपर्ट एव्हरेट या गे ब्रिटिश नटानं २००९ ला तरुण नटांना चक्क सांगू नका असाच सल्ला दिला होता.

दुसऱ्या बाजूला अमेरिकन नट नील पॅट्रिक हॅरिस. २००६ ला बोलला तेव्हा तो टीव्हीवर बायकांच्या मागे लागणाऱ्या बार्नीचं काम करत होता, आणि ते २०१४ पर्यंत केलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. पण तेव्हा लोकांना आवडलेला रोल त्याच्या हातात आधीच होता हे लक्षात घे. एलेनला परत उभं राहायला २००३ चा टॉक शो यावा लागला. म्हणून माझं मत, सांग, पण हातात एखादं पक्कं काम असताना सांग.

रसिक७

कलाकाराच्या खाजगी आयुष्याशी प्रेक्षकाला काय करायचंय? जोक चांगला असला की लोक हसतात. उगाच कशाला सांगायचं?

माइकवाली

@रसिक७ दादा, कुठल्याही ओपन माइकला जाऊन बसा, निम्मे जोक बायकोवर, सासूवर, गर्लफ्रेंडवर असतात. ते खाजगी आयुष्यच आहे की. त्यांना कुणी 'उगाच कशाला' विचारत नाही.

आता धागाकर्त्यासाठी. मी लेस्बियन आहे, स्टँडअपच करते. कामाचं वरती सांगितलंय, मी विनोदाचं सांगते. सुरुवातीला मी काय करायचे तर लोक हसायच्या आधी मीच स्वतःला हसून घ्यायचे, केसांवर, चालण्यावर, आवाजावर. टाळ्या भरपूर मिळायच्या आणि घरी येऊन झोप लागायची नाही. ऑस्ट्रेलियन कॉमेडियन हॅना गॅड्सबीचा २०१८ चा 'नॅनेट' हा स्टँडअप शो बघ, त्यात म्हटलंय की आधीच कडेला ढकललेल्या माणसानं स्वतःची टिंगल केली तर ती नम्रता राहत नाही, तो अपमान होतो. हे ऐकलं त्या आठवड्यात मी माझ्या सेटमधली सात मिनिटं काढून टाकली.

एक कारागिरीची गोष्ट सांगते. 'मी गे आहे' हा पंच, म्हणजे हसवणारी शेवटची ओळ, करू नकोस, ते सेटअपमध्ये, म्हणजे जोकच्या आधीच्या माहितीत टाक. पंच केलास की लोक तुझ्या गे असण्यावर हसतात. पहिल्याच वाक्यात सहज 'माझा बॉयफ्रेंड मला सोडून गेला' म्हण, दोन सेकंद हॉल गप्प होईल, होऊ दे, घाबरून लगेच बोलू नकोस. मग ब्रेकअपवरचा जोक टाक. आता लोक ब्रेकअपवर हसतायत, त्यातल्या प्रत्येकाचा कधीतरी झालेला आहे. वँडा साइक्स ही काळी अमेरिकन कॉमेडियन २००८ ला लेस्बियन असल्याचं जाहीर बोलली आणि पुढच्याच वर्षीच्या कार्यक्रमात तिनं गे असल्याचं सांगायच्या जागी आईवडिलांना 'मी काळी आहे' असं सांगावं लागलं तर काय होईल ते करून दाखवलं. वेडा कोण दिसतं त्यात? ती नाही, ते सांगायला लावणारं जग दिसतं.

आणि हो, क्लिप बाहेर जाणार हे धरूनच चाल. ज्याच्यावर बिट आहे त्याला आधी विचार, तो स्वतः सगळ्यांना सांगून मोकळा झालेला नसेल तर ओळखू येईल असं काही ठेवू नकोस. सुरुवातीचे काही शो झाल्यावर एकटा घरी जाऊ नकोस, कुणाला तरी सोबत ने. मला दोनदा गरज पडली होती.

विंगेतला_नट

@माइकवाली सेटअपवाला मुद्दा एकदम पटला. आणि पोरा, माझं 'हातात काम असताना' हे नटासाठी झालं. स्टँडअपमध्ये स्टेजवर पात्र नसतं, तूच उभा असतोस, तिथं मी म्हणतो तितकं थांबणं जमेल का तुला, मला शंका आहे.

पाच_मिनिटांचा_सेट

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑडिशन्सचं अजून ठरत नाहीये, खरंच भीती वाटते, एका रोलचं उत्तर यायचंय, ते आल्यावर बघतो.

बिट मात्र काल रात्री बसून परत लिहिला. त्याला फोन केला, त्याच्याकडे सगळ्यांना माहितीये, म्हणाला कर बिनधास्त, फक्त नाव नको. लिहिताना लक्षात आलं की कितीतरी वाक्यं नुसती लपवायला घातलेली होती, त्यांच्यावर आजवर कुणी हसलेलंच नाही. ती गेली. आणि जी गोष्ट इतके दिवस सांगताच येत नव्हती ती आत आली, आम्हा दोघांच्या शर्टाचा नंबर एकच होता, जाताना तो माझे चार शर्ट घेऊन गेला आणि मला ते तीन आठवड्यांनी कळलं. गुरुवारी करतोय. माइकवाली ताई, दोन सेकंद थांबेन.