वाळवा तालुक्यातल्या गावाची १८१८ ते १९०० मधली साधनं ऑनलाइन कशी शोधायची?

कृष्णाकाठ
वाळवा तालुक्यातल्या (जि. सांगली) एका गावाच्या इतिहासाचं काम चालू आहे. पेशवाई बुडाल्यापासून १९०० पर्यंतचा काळ हवा आहे: जमाबंदी, इनामं, वतनं. गूगलवर गावाचं नाव टाकलं की पिनकोड आणि हवामान येतं. ‘सांगली जिल्हा इतिहास’ टाकलं की एकाच मजकुराच्या दहा नकला. त्या काळातली छापील पुस्तकं किंवा मूळ कागद घरबसल्या कसे गाठायचे? मोडी जुजबी वाचता येते.

रुमाल
आधी शोधातून ‘सांगली’ हा शब्द काढून टाका. सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने झाला आणि १९६० साली त्याला आत्ताचं नाव मिळालं. तुमच्या काळात सांगली म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. वाळवा त्यात नव्हता. तो १८४८ पर्यंत छत्रपतींच्या सातारा राज्यात होता आणि राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात गेला. म्हणून कागद सगळे साताऱ्याच्या नावावर सापडतील.

पुढची अडचण इंग्रजी स्पेलिंगची. १८५० च्या आसपासच्या छापील कागदांत साताऱ्यात बहुधा दोन टी असतात (एस, ए, टी, टी, ए, आर, ए). ‘पूर’ असेल तिथे पी, ओ, ओ, आर. ऱ्हस्व ‘अ’साठी पुष्कळदा यू. १८८५ च्या गॅझेटियरमध्ये (इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथात) वाळवा व्ही-ने लिहिलाय, नंतरच्या सरकारी कागदांत डब्ल्यू-ने. कराडमध्ये एक जादा एच येतो. गावाच्या नावाची अशी पाच-सहा रूपं कागदावर मांडा आणि एकेक रूप अवतरणचिन्हांत टाकून शोधा. अवतरणं नसतील तर गूगल ‘तुम्हाला हेच म्हणायचंय ना’ म्हणून आजच्या स्पेलिंगकडे ओढतं, आणि नेमकं जे हवं ते गाळतं.

सुरुवात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १९ व्या खंडापासून करा (सातारा, १८८५). आर्काइव्ह डॉट ऑर्ग या जुन्या पुस्तकांच्या स्कॅनच्या संकेतस्थळावर तो पूर्ण आहे. गावांची माहिती शेवटच्या प्रकरणात अकारविल्हे आहे, पण खरं घबाड ‘लँड’ या प्रकरणात आणि तळटिपांत. तळटिपेत ज्या सरकारी अहवालाचा क्रमांक दिलाय, तोच तुमचा पुढचा शोध.

जमाबंदी
वरच्या मुद्द्याला जोडून. तळटिपांतले ते अहवाल म्हणजे ‘सिलेक्शन्स फ्रॉम द रेकॉर्ड्स ऑफ द बॉम्बे गव्हर्नमेंट’, न्यू सिरीज. जमिनीची सारा ठरवण्यासाठी झालेली पहिली पाहणी आणि सुमारे तीस वर्षांनी झालेली फेरपाहणी, दोन्हींचे तालुकावार अहवाल या मालिकेत छापलेत. परिशिष्टात गाववार तक्ते असतात. तुमच्या कामाला याहून नेमकं काही मिळणार नाही.

आर्काइव्हवर शोधताना एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शोधपेटीखाली काही पर्याय आहेत, त्यातले दोन आपल्या कामाचे. पहिला फक्त पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष असल्या नोंदींत शोधतो. दुसरा पुस्तकाच्या आतल्या मजकुरात. गावाचं नाव मुखपृष्ठावर कधीच नसतं, म्हणून दुसराच निवडा. मात्र तक्त्यांवर मशीनचं वाचन कोलमडतं: रकाने एकमेकांत घुसतात, ३ चा ८ होतो. शोधाने पान गाठा, आकडे स्कॅनच्या चित्रावरूनच उतरवा. आणि पानाच्या वेबपत्त्यातला ‘एन’नंतरचा आकडा स्कॅनचा असतो, छापील पानाचा नव्हे. संदर्भ देताना छापील पानाचा क्रमांक द्या, नाहीतर पुढचा वाचक भलत्याच पानावर पोचतो.

मराठी पुस्तकांचं तंत्र वेगळं आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे स्कॅन आर्काइव्हवरच आहेत, पण नावं रोमन लिपीत आणि वाटेल तशी लिप्यंतरित केलेली. एकाच ‘इतिहास’ची तीन-चार स्पेलिंगं. कधी नाव एका ग्रंथाचं आणि आत दुसराच, कधी मधली पानं गायब. डाउनलोड केल्याबरोबर मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि शेवटचं पान बघून घ्या. देवनागरी मजकूर शोधताना ‘कऱ्हाड’, ‘वाळवें’ अशी जुनी रूपं आणि ‘मौजे’, ‘कसबे’, ‘प्रांत’ हे शब्द गावाच्या नावाशी जोडून बघा.

रुमाल
दोन ठिकाणं राहिली. हाथीट्रस्ट या ग्रंथालयांच्या ऑनलाइन संग्रहात बरीच पुस्तकं भारतातून उघडत नाहीत, तरी आतला शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगतात. तो पान क्रमांक घ्या आणि तीच आवृत्ती गूगल बुक्सवर किंवा आर्काइव्हवर उघडा. दुसरं, राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’. नोंदणी फुकट. तिथला शोध फाइलच्या शीर्षकावर चालतो, आतल्या मजकुरावर नाही, म्हणून गावाचं नाव टाकून काही येणार नाही. सातारा दोन टी-ने टाका, वर्षं १८३९ ते १८४९ ठेवा. प्रतापसिंह महाराजांची पदच्युती आणि खालसा, दोन्ही त्यात येतात.

कृष्णाकाठ
गॅझेटियरच्या तळटिपांतून अहवालाचा क्रमांक मिळाला, मनापासून आभार. आणखी एक विचारतो. एका छापील पत्रावर ‘सन तिसा अशर मयातैन व अलफ’ आहे. इसवी सन कसा काढायचा?

जमाबंदी
हा शुहूर सन, मराठी कागदांत अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेला. तिसा ९, अशर १०, मयातैन २००, अलफ १०००, म्हणजे १२१९. हे वर्ष मृग लागतो तेव्हा, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतं. जून ते डिसेंबरमधल्या पत्राला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे तुमचं पत्र जून १८१८ ते जून १८१९ मधलं. ‘छ’ लिहून पुढे जो महिना दिलाय तो हिजरी. चांद्र वर्ष अकरा-एक दिवसांनी लहान असल्याने वर्षाच्या टोकाजवळची तीच तारीख एका शुहूर सनात दोनदा येऊ शकते. तिथे जंत्री (तारखांचा मेळ देणारं कोष्टक) उघडून वार जुळतो का ते पाहा, नुसत्या बेरजेवर जाऊ नका.

रुमाल
गावच्या इनामाचे मूळ मोडी कागद मात्र पुणे पुराभिलेखागारात प्रत्यक्ष जाऊनच बघावे लागतील. जाताना तालुका, परगणा आणि वर नोंदवलेली गावाच्या नावाची सगळी रूपं लिहून न्या. रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) त्यावरूनच काढून मिळतात.