गोदावरीच्या दोन्ही काठांवरची वानरे यादीत एक धरावीत की दोन?

गोदातीर (नांदेड):
सर्वांना नमस्कार. पक्ष्यांची यादी मी बरीच वर्षे ठेवत आलो आहे. आता तशीच यादी नरवानर गणातील प्राण्यांची, म्हणजे रानात मोकळे पाहिलेल्या वानरांची, माकडांची, गिबनांची आणि लोरिसांची सुरू करावी असे मनाने घेतले आहे. पहिल्याच ओळीवर मात्र अडलो. अजिंठ्याच्या लेण्यांजवळ आणि गौताळ्याच्या जंगलात मी काळ्या तोंडाची वानरे पाहिली आहेत, तशीच ती बालाघाटाच्या डोंगरांतही पाहिली आहेत. जुन्या पुस्तकांत या सर्वांना एकच नाव आहे. नवीन याद्यांत मात्र त्यांच्या अनेक प्रजाती केलेल्या दिसतात आणि त्यांतील एक सीमा आपल्या गोदावरीच्या आसपास असल्याचे वाचनात येते. मग माझ्या यादीत एक प्रजाती धरावी की दोन? येत्या हिवाळ्यात आसामला आणि पुढे जमल्यास युगांडाला जाण्याचा विचार आहे. नुसता आवाज ऐकला, पण प्राणी दिसला नाही, तर ती नोंद धरायची का, हेही जाणकारांनी सांगावे.

बालाघाट (अंबाजोगाई):
आपला प्रश्न मराठवाड्यातील माणसालाच पडावा असा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हनुमान वानर ही पूर्वी एकच, भारतभर पसरलेली प्रजाती मानली जात असे. 2001 मध्ये कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी तिच्या सात प्रजाती केल्या. त्या साती टिकतात की नाही यावर मतभेद राहिले, परंतु दक्षिण भारतापुरते बोलायचे तर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराची ठेवण व जनुके या दोन्हींचा अभ्यास करून तीन प्रजातींना आधार दिला (पुढची नावे शास्त्रीय आहेत): उत्तरेकडील सेम्नोपिथेकस एन्टेलस, पश्चिम घाटातील हायपोल्युकॉस आणि दक्षिण व पूर्वेकडील प्रायम.

आपल्या कामाची खूण शेपटीत आहे आणि ती फार पूर्वी, जनुकीय तपासण्या येण्याआधीच, मि. ल. रूनवाल यांनी नोंदवून ठेवली होती. उत्तरेकडचे वानर जमिनीवर चार पायांनी चालताना शेपटी पाठीवरून डोक्याच्या दिशेने पुढे वळवते, तर दक्षिणेकडचे वानर ती वर उचलून मागच्या बाजूला वळवते. या दोन ढबींमधली सीमा ढोबळमानाने तापी आणि गोदावरी यांच्या रेषेवर येते. बसलेल्या किंवा फांदीवरच्या वानराच्या शेपटीवरून काहीच ठरत नाही, त्यामुळे कळप मोकळ्या जमिनीवरून किंवा रस्त्यावरून चालत जाईपर्यंत थांबावे लागते. माझ्या मते या थांबण्यातच खरे निरीक्षण आहे.

नदी ही भिंत नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रात ठिकठिकाणी कोरडी वाळू असते आणि वर्षभर पूल असतातच. म्हणून कोणत्या काठावर पाहिले एवढ्यावरून नाव लावू नये. आधी शेपटीची ढब, गाव, तारीख आणि शक्य असल्यास चालत्या वानराचे छायाचित्र नोंदवावे आणि नाव त्यानंतर लिहावे. दोन्ही ढबी आपण स्वतः पाहिल्या असतील तर दोन प्रजाती निःशंक धराव्यात. नसतील तर तूर्त एकच.

रामलिंग (धाराशिव):
सरांच्या म्हणण्याला जोडून लाल तोंडाच्या माकडांविषयी लिहिते, कारण मराठवाड्यात त्यांची नोंद वानरांहूनही अधिक मोलाची ठरेल असे मला वाटते. आपल्याकडे सगळ्यांनाच सरसकट माकड म्हटले जाते, पण त्यांत दोन प्रजाती आहेत. दक्षिणेकडचे बॉनेट मॅकाक (मॅकाक म्हणजे या माकडांचा गट) ओळखण्यासाठी डोक्याकडे पाहावे: माथ्याच्या मध्यातून चहूकडे पसरलेले केस टोपीसारखे दिसतात, आणि शेपटी जवळजवळ धडाइतकी लांब असते. उत्तरेकडच्या ऱ्हीससच्या माथ्यावरचे केस मागे वळलेले, शेपटी धडाच्या साधारण निम्मी आणि कमरेपासून मागचा भाग तांबूस-नारिंगी असतो.

या दोघांमधली जुनी सीमाही तापी आणि गोदावरीच मानली जाई, पण ती आता राहिलेली नाही. ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत आहे आणि त्याच्यापुढे बॉनेटचा प्रदेश आक्रसत आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी बॉनेटच्या भवितव्याबद्दल स्पष्ट चिंता व्यक्त केली होती. बॉनेट फक्त दक्षिण भारतातच आढळते, जगात इतरत्र कोठेही नाही, आणि ते रस्त्याकडेला, देवळांत दिसते म्हणून आपण त्याला गृहीत धरतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यात उपद्रवी म्हणून शहरात पकडलेली माकडे दूर नेऊन सोडली जातात, त्यामुळे एखाद्या गावात अचानक वेगळा कळप दिसला तर गावकऱ्यांकडे चौकशी करून तसा शेरा नोंदीपुढे अवश्य लिहावा.

आमच्या जिल्ह्यातील उपळा या गावी तर 32 एकर जमीन गावातल्या माकडांच्या नावावर नोंदलेली आहे. 2022 मध्ये ही बातमी देशभर गाजली. अशा ठिकाणी माणसाळलेली माकडे अगदी जवळून पाहायला मिळतात, परंतु त्यांना शेंगदाणे, बिस्किटे घालू नयेत ही हात जोडून विनंती. खाण्याची सवय लागलेला कळप पुढे रस्त्यावर येतो आणि गाड्यांखाली मरतो.

वाटाड्या (छत्रपती संभाजीनगर):
प्रवासाबद्दल मी लिहितो. आसाममध्ये जोरहाटजवळच्या होल्लोंगापार गिबन अभयारण्याला पहिले स्थान द्यावे. सुमारे 21 चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात सात प्रजाती आहेत: हूलॉक गिबन, कॅप्ड लंगूर, स्टंपटेल, पिगटेल, आसामी व ऱ्हीसस हे चार मॅकाक आणि रात्री हिंडणारा बंगाल स्लो लोरिस. चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या आणि मधून रेल्वेमार्ग गेलेल्या या तुकड्यात गिबन अडकून पडले आहेत, कारण ते सहसा जमिनीवर उतरत नाहीत. त्यांची सकाळची जोडगाणी खूप लांबवर ऐकू येतात. ऐकलेल्या नोंदीसाठी वेगळा रकाना ठेवावा आणि ती एकूण संख्येत धरू नये असे माझे मत आहे. पुष्कळ पक्षिनिरीक्षक आवाजावर पक्षी धरतात हे मला माहीत आहे, पण इथे मी कडक राहतो. प्राणिसंग्रहालयातील प्राणी तर मुळीच धरू नयेत.

युगांडातील किबाले राष्ट्रीय उद्यानात चिंपांझींसह 13 प्रजाती आहेत, त्यामुळे थोड्या दिवसांत यादी भराभर वाढते. ब्विंडीच्या जंगलात पर्वतीय गोरिला पाहताना एका गटात आठच पर्यटक आणि एकच तास, असा नियम आहे. आपली सर्दी-पडसे त्यांना लागून कळपात मृत्यू होऊ शकतात, म्हणून अंतराचा आणि मुखपट्टीचा नियम मनापासून पाळावा. साधी शिंक येत असली तरी त्या दिवशी जंगलात जाऊ नये, मग परवान्याचे पैसे बुडाले तरी चालतील. पर्वतीय गोरिलांची संख्या 2018 मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार एक हजारावर गेली. त्यात अशा शिस्तीत चालणाऱ्या पर्यटनाचाही हात आहे, कारण युगांडात उद्यानाच्या प्रवेशशुल्काचा 20 टक्के वाटा लगतच्या वस्त्यांना मिळतो आणि जंगल राखण्यात त्यांचे हित गुंतते. नरवानर प्राण्यांच्या जागतिक तज्ज्ञगटाचे दीर्घकाळ अध्यक्ष असलेले रसेल मिटरमायर हे अशा याद्यांचा पुरस्कार करतात तो याच कारणाने.

कधी मादागास्करला गेलात तर तिथे लेमूर या नरवानर गणातील प्राण्यांच्या शंभराहून अधिक प्रजाती आहेत. त्यांतले इवलेसे माऊस लेमूर रात्रीच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखणे जवळजवळ अशक्य असते. तिथे कोणत्या जंगलात पाहिले, हीच बहुधा ओळख ठरते.

गोदातीर (नांदेड):
आपणा सर्वांचे आभार. एकच शंका उरते. पुढे तज्ज्ञांनी नावे पुन्हा बदलली, तर जुन्या यादीचे काय करावे? उपप्रजाती सुरुवातीपासून लिहाव्यात का?

बालाघाट (अंबाजोगाई):
माहीत असेल तेव्हा उपप्रजाती अवश्य लिहावी, पण एकूण संख्या प्रजातींचीच धरावी. बदल दोन्ही दिशांनी होतात. सुमात्राच्या बातांग तोरू भागातील ओरांगउटान 2017 मध्ये तापानुली या वेगळ्या प्रजातीत गेले आणि ज्यांनी तिथे आधी ओरांगउटान पाहून जागा टिपून ठेवली होती, त्यांच्या यादीत घरबसल्या भर पडली. उलट अरुणाचलात लोहित नदीच्या बाजूचे हूलॉक बराच काळ पूर्व हूलॉक मानले जात, पण 2021 मधील जनुकीय अभ्यासात तेही पश्चिम हूलॉकच निघाले आणि भारतापुरती याद्यांमधली एक प्रजाती कमी झाली. म्हणून जुनी ओळ कधीही खोडू नये. पाहिलेले तसेच ठेवून तिच्यापुढे नवे नाव आणि बदलाचे वर्ष लिहावे.